दात कोरून

दात कोरून पोट भरत नाही, असं आमची आजी म्हणायची. ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो. पण तिची खरी ओळख पटली ती वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, अमेरिकेतल्या एका नदीत कमरेइतक्या पाण्यात उभं असताना. तोवर माझ्या तोंडात स्वतःचा म्हणावा असा एकही दात उरला नव्हता. वर कवळी, खाली कवळी. अशा अवस्थेत मी दुसऱ्याचे दात शोधायला निघालो होतो. दुसरा म्हणजे शार्क मासा. तोही आजचा नव्हे, लाखो वर्षांपूर्वी वारलेला.

झालं असं, की आम्ही उभयता लेकीकडे फ्लॉरिडाला, टॅम्पा शहरी गेलो होतो. अमेरिकेला जाणाऱ्या आईबापांचा कार्यक्रम ठरलेला असतो. पहिला आठवडा अवेळी झोपण्यात जातो, दुसरा दुकानांतल्या किमतींना डॉलरच्या भावानं गुणण्यात जातो, आणि तिसऱ्यापासून खिडकीत बसून ‘इथे रस्त्यावर माणूस कसा दिसत नाही?’ असं एकमेकांना विचारण्याचं काम उरतं. त्या तिसऱ्या आठवड्यात एका शुक्रवारी रात्री जावईबापू म्हणाले, “बाबा, उद्या नदीवर येता का? दात शोधायला?”

मी नकळत जिभेनं कवळी चाचपली. “कुणाचे?”

“शार्कचे.”

जावईबापू कॉम्प्युटरमधले. पुण्यात असताना या गृहस्थांनी कुंडीतली मातीसुद्धा उकरली नव्हती. पण तिकडे गेल्यावर दर शनिवारी फावडं आणि वाळूची चाळण घेऊन हे नदीत उतरतात, आणि सोबत आमची नऊ वर्षांची नात. आमची सौ. मालवणची. ती म्हणाली, “मुशीचे दात ना? आधी सांगायचं होतं. आमच्याकडे कोळणी मुशी साफ करताना डोकं टाकूनच देतात. पिशवीभर आणले असते.” हे दात आता दगड झालेले आहेत, असं जावईबापूंनी समजावल्यावर तिचा उरलासुरला रसही संपला.

नदीचं नाव पीस रिव्हर, म्हणजे शांती नदी. टॅम्पाहून मोटारीनं दीडेक तासावर आर्केडिया नावाचं गाव आहे, तिथे आम्ही उतरलो. हिवाळ्यात नदीला पाणी कमी असतं, म्हणून हा उद्योग हिवाळ्यातच करायचा. काठावर ॲलिगेटरपासून सावध राहण्याची पाटी होती. ॲलिगेटर म्हणजे आपल्या मगरीचा चुलतभाऊ.

“तो दिसला तर काय करायचं?” मी विचारलं.

“त्याला त्रास द्यायचा नाही, बाबा.”

“आणि त्यानं मला दिला तर?”

“सहसा देत नाही.”

हे ‘सहसा’ मला मुळीच आवडलं नाही. पण नात केव्हाच पाण्यात उतरली होती. आजोबांनी काठावर उभं राहणं शोभलं नसतं.

आता नदीत शार्कचे दात कुठून आले, हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचं उत्तर असं, की फ्लॉरिडाची जमीन पुन्हा पुन्हा समुद्राखाली गेलेली आहे. त्या समुद्रात शार्क पोहत. शार्कच्या अंगात हाड म्हणून नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा. तो कुजून जातो. मागे उरतात ते दात. आणि दात तरी किती? शार्कच्या जबड्यात दातांच्या रांगा असतात. पुढचा पडला की मागचा सरकतो, रेशनच्या रांगेसारखा. आयुष्यभरात एकेक शार्क हजारो दात टाकतो. आमच्यासारख्याला बत्तीस मिळतात, आणि तेही दंतवैद्याच्या हवाली करून रिकामं व्हायचं असतं! हे पडलेले दात समुद्रतळाच्या गाळात रुतले, खनिजं शोषून काळे झाले, दगड झाले. समुद्र हटला, नदी आली. नदी तो जुना गाळ कापते आणि दात वाळूत आणून टाकते. याच गाळात फॉस्फेट आहे. १८८१ साली या नदीत फॉस्फेटचे खडे आहेत असं लक्षात आलं, आणि पुढे त्या भागात खतासाठी मोठमोठ्या खाणी निघाल्या. तेव्हा दात कोरून अगदीच पोट भरत नाही असंही नाही.

या सगळ्यांत मानाचा दात मेगालोडॉनचा. हा राक्षसी शार्क सुमारे २ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी समुद्रात आला आणि सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी नाहीसा झाला. त्याचा मोठ्यात मोठा दात सात इंचांपर्यंत भरतो. नातीला तो हवा होता. कारण २०२२च्या नाताळच्या दिवशी मेरीलँडच्या किनाऱ्यावर एका मुलीला पाच इंची मेगालोडॉन सापडला होता, आणि ती मुलगी होती नऊ वर्षांची. “आजोबा, ती नऊ, मी पण नऊ,” असं ती मला सकाळपासून सात वेळा म्हणाली होती. पुढच्या वाढदिवसाला ती दहाची होणार होती. म्हणजे मुदत थोडीच उरली होती.

काम सोपं. फावड्यानं तळाची वाळू चाळणीत टाकायची, पाण्यात हलवायची आणि उरलेल्या खड्यांत डोळे घालून बसायचं. पहिल्या तासात मला काळे खडे मिळाले. दुसऱ्या तासात आणखी काळे खडे मिळाले. मधूनच जावईबापू एखादा खडा उचलून “हा समुद्रगाईच्या बरगडीचा तुकडा” असं म्हणत आणि परत टाकून देत. मग नखाएवढे तीन दात मिळाले. नातीनं ते औषधाच्या रिकाम्या बाटलीत घातले. तुम्हांला सांगतो, त्या तिसऱ्या दातानंतर माझं कंबरदुखीचं, मगरीच्या चुलतभावाचं, सगळं भान सुटलं. मटक्याच्या आकड्यासाठी माणसं संसार का उधळतात, ते मला शांती नदीत कळलं.

आणि आम्ही तर उथळ पाण्यातले लोक. जावईबापू सांगत होते, की मेक्सिकोच्या आखाताच्या किनारी व्हेनिस नावाचं गाव आहे, ते स्वतःला शार्कच्या दातांची जागतिक राजधानी म्हणवतं. तिथे पाठीला हवेचं नळकांडं बांधून लोक समुद्राच्या तळाशी दात वेचतात. साउथ कॅरोलायनात कूपर नावाची नदी आहे, तिचं पाणी चहाच्या काढ्यासारखं. तिथले पाणबुडे कपाळाला दिवा लावून तळाशी आडवे होतात आणि ओढीला धरून चाचपत सरकतात. दिव्यापुढे हातभर दिसलं तर नशीब. त्यासाठी सरकारचा परवाना काढतात, सापडलेल्या वस्तूंचे अहवाल भरतात. मेरीलँडच्या कॅल्व्हर्ट कड्यांखाली तर खणायलाच बंदी आहे, कारण कडे कोसळतात. तिथले लोक नुसते लाटेची वाट पाहत किनाऱ्यानं फिरतात.

“इतकं करायचं, तर दुकानात मिळत नाही का तो?” सौ.नं काठावरून विचारलं होतं. ती खुर्ची टाकून विणत बसली होती.

“मिळतो ना, आई. हवा तेवढा मोठा मिळतो. पण विकत घेतलेल्यात मजा नाही.”

हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. ते रात्री परत येणार होतं.

नदीच्या वळणावर एक झाड आडवं पडलं होतं. त्याच्या बुंध्याशी नातीनं सकाळपासून स्वतःचा असा एक खड्डा खणला होता. दोन तास ती इवल्याशा फावड्यानं वाळू उपसत होती, आणि नदी निम्मी वाळू परत भरत होती. एक वाजता लेकीनं दशम्यांचा डबा उघडला आणि हाका मारल्या. नात निघाली आणि मला म्हणाली, “आजोबा, माझा खड्डा सांभाळ. कुणाला देऊ नको.”

मी खड्डा सांभाळायला उभा राहिलो. रिकाम्या माणसाचे पाय स्वस्थ बसत नाहीत. खड्ड्याच्या तळाशी अंगठ्याला काहीतरी टोकदार लागलं. मी वाकलो, हात घातला, आणि वर आला तो साडेतीन इंची दात. काळाभोर, शिसवीच्या मुठीसारखा तुकतुकीत, आणि कडा अजून करवतीसारख्या. ३६ लाख वर्षांहून जुना तो ऐवज माझ्या तळहातावर, आणि आजूबाजूला कुणी नाही.

“आजोबा, काय मिळालं?” नातीनं काठावरून विचारलं.

“काही नाही. दगड,” मी म्हणालो. आणि हात खिशात गेला.

एका सरकारी कचेरीत मी ३४ वर्षं भांडारपाल होतो. कागदाचे गठ्ठे, पेन्सिली, शाईच्या दौती, सगळं माझ्या ताब्यात. एक टाचणी घरी आणली नाही, याचा मला केवढा अभिमान! पण आता वाटतं, टाचणीचा मोह कुणाला होतो? माझा प्रामाणिकपणा ३४ वर्षं कसोटीला लागलाच नव्हता. लागला, आणि पहिल्याच मिनिटाला नापास.

यापुढचं सांगायला लाज वाटते. नात जेवून परत आली आणि त्याच खड्ड्यात आणखी तासभर खणत राहिली. मी तिची चाळण धरून उभा होतो. दर चाळणीला ती आशेनं वाकून बघायची आणि मीही तिच्याबरोबर वाकून बघायचो. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मला ठाऊक होती. पण बिळातलं सगळं आटोपल्यावर मालकाला खणायला मदत करणारा नागोबा बहुधा मीच पहिला.

रात्री झोप येईना. दात उशीखाली होता. अमेरिकेत मुलांचा दुधाचा दात पडला की तो उशीखाली ठेवतात. रात्री परी येते, दात नेते आणि पैसे ठेवून जाते. आमच्या लहानपणी तो शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर फेकायची पद्धत होती. माझ्याकडे परीही आली नाही, आणि शेण मी आधीच खाल्लेलं होतं. मग मनातल्या मनात खटला उभा केला. हा दात नक्की कुणाचा?

शार्कचा म्हणावा, तर त्यानं तो कधीच टाकून दिलेला. त्याच्यासारखे हजारो टाकले, दावा कितींवर लावणार? नदीचा म्हणावा, तर तिनंही तो दुसऱ्याच्या गाळातून काढलेला. फ्लॉरिडा सरकारचा? तिथला कायदा असा, की नदीतल्या जुन्या प्राण्यांची हाडं वेचायची तर गेन्सव्हिलच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाचा परवाना लागतो. वर्षअखेर सापडलेल्या हाडांची यादी कळवायची, त्यांना एखादी वस्तू अभ्यासाला हवी असली तर ६० दिवसांत ते मागतात, नाहीतर ती तुमची. शार्कचे दात मात्र या नियमातून वगळलेत. म्हणजे सरकारनं हात झटकले. उरलो नात आणि मी. तिचा खड्डा, माझा अंगठा. वकील दिला असता तर मी खटला जिंकलोही असतो. पण जिंकणाऱ्या माणसाला झोप का येऊ नये?

मग मला जावईबापूंनी वाटेत सांगितलेली एक हकिगत आठवली. या दातांना युरोपात शतकानुशतकं लोक दात समजतच नव्हते. माल्टा बेटावर ते ढिगानं सापडत. संत पॉलला तिथे साप चावला, तेव्हापासून सापांच्या जिभांचे दगड झाले, ते हे, अशी समजूत होती. विषावर उतारा म्हणून श्रीमंत लोक ते चांदीत मढवत, दारूच्या पेल्यात बुडवत. त्याही आधी, हे दगड आकाशातून पडतात, असं रोमन ग्रंथकार प्लिनी यानं लिहून ठेवलं होतं. मग १६६६ साली इटलीत लिव्होर्नोच्या किनाऱ्याजवळ कोळ्यांनी एक प्रचंड शार्क पकडला. त्याचं डोकं फ्लॉरेन्सला निकोलस स्टेनो नावाच्या २८ वर्षांच्या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाकडे तपासायला आलं. त्यानं जबडा पाहिला, आणि त्या जिभांच्या दगडांशी दातांचं साम्य त्याच्या मनात भरलं. त्याच्या आधीही एकदोघांनी ही शंका बोलून दाखवली होती; पण यानं ती धसाला लावली. समुद्रातला दात डोंगरातल्या दगडात कसा शिरला, या एका प्रश्नाचा पाठपुरावा करत तो पुढे खडकांचे थर खालून वर कसे साचतात इथवर पोचला, आणि भूशास्त्राचा पाया घातला गेला. नंतर हाच माणूस धर्मगुरू झाला, बिशप झाला.

आता यात सापडलं कुणाला? माल्टाच्या लोकांच्या खिशात दात होते; त्यांना ते सापडलेच नव्हते. स्टेनोला सापडले, आणि तेही माशाच्या तोंडात बघून. म्हणजे वस्तू हाती लागणं वेगळं, आणि सापडणं वेगळं.

आपल्याकडेच बघा. आमच्या देव्हाऱ्यात पणजोबांच्या वेळचा शाळिग्राम आहे. तो गंडकी नदीच्या पात्रातला. शास्त्रज्ञ त्याला ॲमोनाइट म्हणतात, डायनासोरांच्या काळातल्या एका समुद्रजीवाची दगड झालेली शंखी. म्हणजे नदीतून असे जीव वेचण्याचा नाद आपल्याला अमेरिकेच्या कितीतरी आधीपासून. आजी सांगायची, शाळिग्रामाचा भाव करू नये, तो विकूही नये. मला लहानपणी ते दुकानदाराच्या नुकसानीचं वाटे. त्या रात्री वाटलं, जुन्या माणसांना हेच म्हणायचं असेल. जी वस्तू भेटायची असते, तिला किंमत लावली की ती नुसती वस्तू उरते.

विकत घेतलेल्यात मजा नाही! बरोबर. मी नातीचा दात चोरलाच नव्हता. दात तसा कुणाचाच नव्हता. मी चोरलं होतं ते तिचं सापडणं. ती वाकली असती, तिनं हात घातला असता, ती आनंदानं किंचाळली असती, तो एक क्षण. आणि चोरूनही तो मला मिळाला नव्हता, कारण मी किंचाळू शकलो नाही. खिशात हात घालून कोण किंचाळतं?

“झोप का येत नाही?” सौ.नं अंधारात विचारलं.

मी दिवा लावून दात दाखवला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग द्या की पोरीला.”

“अगं, दिला तर तो दिलेला होईल. दुकानातून आणल्यासारखा. सापडलेला कसा होणार?”

“मग पुरा परत,” असं म्हणून ती कूस बदलून झोपली. माझा खटला पहाटेपर्यंत चालला असता. तिनं तो तीन शब्दांत निकाली काढला.

पुढच्या शनिवारी मी आपण होऊन नदीवर निघालो. जावईबापूंना केवढा आनंद! सासऱ्यांना नाद लागला, या कल्पनेनं त्यांनी माझ्यासाठी वेगळं फावडं घेतलं. पडक्या झाडापाशी नात परत खणायला लागली. तिसऱ्या चाळणीला मी खिशातला हात पाण्याखालून चाळणीत नेला आणि वाळूत दात सोडला. खिसे कापणाऱ्यांबद्दल मला आदर वाटू लागला. नुसता टाकताना इतकी छाती धडधडते, तर काढताना किती होत असेल?

नातीनं चाळण हलवली. एकदा, दोनदा. थांबली. मग अशी किंचाळली, की पलीकडच्या काठावरचा बगळा उडाला. जावईबापू धावत आले, लेक धावत आली, फोटो निघाले. सौ. काठावर बसून विणता विणता माझ्याकडे पाहून हसली. मी गंगेत घोडं न्हालं म्हणत बसलो.

रात्री नात माझ्या खोलीत आली. दात तिच्या मुठीत होता.

“आजोबा, नदीतल्या दाताला सुपारीचा वास कसा?”

आठवडाभर तो माझ्या सुपारीच्या पुडीशेजारी होता. ३६ लाख वर्षांत समुद्राला जे जमलं नाही, ते माझ्या खिशानं सात दिवसांत केलं होतं. आता दुसऱ्यांदा ‘दगड’ म्हणायची सोय नव्हती. मी सगळं सांगितलं. तिचा खड्डा, माझा अंगठा, खिसा. नऊ वर्षांच्या पोरीपुढे अडुसष्ट वर्षांचा माणूस मान खाली घालून उभा.

“मला तिथेच वास आला होता,” ती म्हणाली.

“मग एवढी किंचाळलीस कशाला?”

“तू माझ्याकडे इतका बघत होतास! मला वाटलं, नाही ओरडले तर तुला वाईट वाटेल.”

म्हणजे मी तिला खोटं सापडणं दिलं होतं, आणि तिनं मला खोटं किंचाळणं. तिनं ज्यासाठी आठ दिवस वाट पाहिली, तो क्षण ना मला परत देता आला, ना तिला घेता. ती बराच वेळ दाताच्या कडेवरून बोट फिरवत बसली. तिचे डोळे भरलेले मला दिसत होते. मी काहीतरी बोलणार होतो. पण या वेळी तोंड बंद ठेवण्याइतकी अक्कल मला आली होती.

शेवटी तिनं निकाल दिला. “अर्धी तुझी, अर्धी माझी.” दाताला ती स्त्रीलिंगी करते, मी ते दुरुस्त करायच्या स्थितीत नव्हतो. “पण पुढच्या वेळी खड्डा तू खणायचा. सांभाळायचं काम मी करणार.”

याहून न्याय्य निकाल मी ऐकलेला नाही.

दात टॅम्पालाच आहे. बाटलीवर तिनं स्वतःच्या मराठीत चिठ्ठी चिकटवली आहे: ‘माझा खड्डा, आजोबाचा पाय’. येत्या हिवाळ्यात आम्ही परत जाणार आहोत. दर रविवारी फोनवर ती विचारते, “आजोबा, खणायची प्रॅक्टिस करतोस ना?” म्हणून मी सोसायटीच्या बागेत रोज संध्याकाळी थोडं खणतो. पुण्याची सगळी जमीन साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची. शार्कचे दात हवे असतील तर कच्छला जावं, नाहीतर ओडिशात बारीपद्याजवळ बुढाबलंग नदीच्या काठी. इथे तो मिळायचा नाही, हे मला ठाऊक आहे. आमच्या वॉचमनला ठाऊक नाही. तो रोज जवळ येऊन संशयानं विचारतो, “काका, काय मिळालं?”

“काही नाही. दगड,” मी सांगतो. आणि दोन्ही हात उघडून दाखवतो.